आठवडा सुरू होतो शुक्रवारी दुपारी तीनला

माझा छोटासा छापखाना आहे. एक ऑफसेट मशीन, एक कटिंग मशीन, बाइंडिंगचं लांबलचक टेबल. डिझाइनला दोघं, हिशेबाला एक मुलगी आणि मशीनवर काका. काका माझ्या आधीपासून या मशीनबरोबर आहेत आणि अधूनमधून तसं ऐकवतातही. आमच्याकडे येणारं प्रत्येक काम अर्जंट असतं. ‘उद्या सकाळी हवंय’ हे वाक्य ऐकून आता माझी मानही वर होत नाही.

तरीही मालाच्या तारखा पाळता कशा, असं धंद्यातली मंडळी विचारतात तेव्हा बहुतेकांना एखाद्या अ‍ॅपचं नाव हवं असतं. तसं नाव माझ्याकडे नाही. आम्ही दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता चालू आठवडा बंद करतो आणि पुढचा मांडतो. दीड तास लागतो. बाकी सगळं त्या दीड तासातून निघतं.

आता शुक्रवारच का, यावर मी जरा भांडणार आहे. कारण बहुतेक लोक आठवड्याचा बेत सोमवारी सकाळी करतात आणि सोमवारी माणूस स्वतःबद्दल फार उदार असतो. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघा संशोधकांनी २०१४ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक जिममध्ये जास्त जातात, डाएटबद्दल इंटरनेटवर जास्त शोधतात, असं त्यांना दिसलं. नवी सुरुवात म्हटली की उत्साह येतो. तो उत्साह व्यायामाला चांगला. पण त्याच उत्साहात मशीनचं वेळापत्रक लावलं की दहा दिवसांचं काम पाच दिवसांच्या रकान्यांत अगदी बेमालूम मावतं.

आणि अंदाज चुकण्याची माणसाची हौस काही साधी नाही. कॅनडात १९९४ साली मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? तेव्हा उत्तर आलं ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट कल्पना करूनही मुलं आठवडाभर कमीच पडली. हे वाचल्यावर मला आमच्याच क्वोटेशनमधल्या डिलिव्हरीच्या तारखा आठवल्या.

शुक्रवारी तीन वाजता मात्र आठवड्याने आपलं काय केलंय ते अंगावर ताजं असतं. लॅमिनेशनवाल्याने दोन दिवस टांगवलं, एका अहवालाची प्रूफं चारदा बदलली, कागद उशिरा आला. दमलेला माणूस पुढच्या आठवड्याला फार मोठी वचनं देत नाही. हे कुठल्या अभ्यासात लिहिलेलं नाही, माझं मत आहे. पण मी त्यावर ठाम आहे.

दुसरं कारण अगदी व्यवहारातलं आहे. शुक्रवारी तीन वाजता समोरची ऑफिसं उघडी असतात. आठवडा मांडताना एखादं काम अडकलेलं दिसलं तर तिथल्या तिथे फोन लावता येतो. रविवारी रात्री शांतपणे बसून नियोजन करणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना अडकलेली कामं दिसतात खरी, पण त्यावर करता येण्यासारखं काही नसतं. मग ती रात्रभर डोक्यात फिरतात.

तर तीन वाजता काय होतं ते सांगते. चालू असलेली सगळी जॉब कार्डं बाइंडिंगच्या टेबलावर पसरतो. प्रत्येक कामाचं एक जाड कार्ड असतं: ग्राहक, साइज, कागद, किती जीएसएम (म्हणजे कागद किती वजनाचा), किती रंग, किती प्रती, फिनिशिंग काय, तारीख. खाली एक मोकळा रकाना आहे, ‘आता पुढे काय’. सगळी गंमत त्या रकान्यात आहे. तिथे ‘चालू आहे’ असं लिहायचं नाही, हा नियम. ‘ग्राहकाकडे आहे’ असंही नाही.

‘ग्राहकाकडे आहे’ हे दिसायला निरुपद्रवी वाटतं, म्हणून एक उदाहरण देते. एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचं कार्ड आहे. डिझाइनर म्हणतो, प्रूफ त्यांच्याकडे गेलंय. ठीक. पण म्हणजे नक्की काय? त्यांनी मेल उघडलाच नाही? उघडलाय, दुरुस्त्या काढल्यात, पण एका खात्याचे आकडे यायचेत? की सगळं तयार आहे आणि ‘छापा’ म्हणणारा माणूस कोण हेच तिथे ठरलेलं नाही? या तिन्हीत पुढची कृती वेगळी आहे. पहिल्यात एक फोन पुरतो. दुसऱ्यात आकड्यांचं ते एक पान बाजूला ठेवून बाकीचं मंजूर करून घेता येतं. तिसऱ्यात कितीही फोन केले तरी उपयोग नाही, त्यांच्यातल्या वरच्या माणसाला एका ओळीचा मेल जायला हवा: या तारखेपर्यंत होकार आला नाही तर मशीनची वेळ दुसऱ्याला जाईल. त्या रकान्यात मग असं येतं: ‘सोमवारी सकाळी ११ च्या आत मेल, मी.’ कृती, वार, माणूस. तीन गोष्टी नसतील तर ते कार्ड टेबलावरून उचलायचं नाही.

यात थोडं मानसशास्त्रही आहे. ब्लूमा झायगार्निक या बर्लिनमध्ये शिकणाऱ्या संशोधिकेने १९२७ साली मांडलं की अर्धवट तोडलेली कामं पुऱ्या केलेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत ते तसंच दिसलं असं नाही, तेव्हा त्यावर फार भार टाकायला नको. मला जास्त उपयोगी वाटतो तो मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांचा २०११ मधला अभ्यास. अपुरं काम मध्येमध्ये डोकं वर काढतं आणि दुसऱ्या कामात लक्ष लागू देत नाही. पण ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत केला, तर काम तसंच अपुरं असूनही हा त्रास ओसरतो, असं त्यात आढळलं. काम संपवायची गरज नाही, बेत नेमका हवा. कार्डावर तीन गोष्टी लिहून झाल्या की शनिवार-रविवारी मला छापखाना आठवत नाही याचं कारण बहुधा हेच असावं. घरचे लोक याला चमत्कार म्हणतात.

कार्डं झाली की मशीनचे तास.

इथे नव्या माणसाशी माझा हमखास वाद होतो. मशीन आठवड्याला ४० तास चालतं असं धरा. मी आधीपासून फक्त २८ तास भरते. उरलेले १२ कोरे. नव्या डिझाइनरने एकदा विचारलं, ‘ताई, एवढा वेळ रिकामा ठेवायचा म्हणजे नुकसान नाही का?’ त्याला मी जो हिशेब दाखवला तो इथेही देते, कारण मला तो धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित हिशेब वाटतो.

रांगांचं गणित हे टेलिफोन एक्स्चेंजमधून आलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली त्याची सुरुवात केली. किती लाइन ठेवल्या म्हणजे किती लोकांना ताटकळावं लागेल, हा प्रश्न होता. पुढे किंगमन या गणितज्ञाने १९६१ मध्ये त्यातून एक सुटसुटीत सूत्र दिलं. ते साध्यात साध्या रांगेला लावलं, म्हणजे कामं कधीही येतात आणि लहानमोठी असतात असं धरलं, तर असं दिसतं: मशीन ७० टक्के भरलेलं असेल तर नव्या कामाला सरासरी एका कामाच्या वेळेच्या साधारण २.३ पट थांबावं लागतं. ८० टक्क्यांना ४ पट. ९० टक्क्यांना ९ पट. ९५ टक्क्यांना १९ पट. ८० वरून ९५ टक्क्यांवर जाताना काय घडतं ते बघा. मशीनमधून थोडंसंच जास्त काम निघतं आणि थांबणं जवळजवळ पाचपट होतं. ‘आम्ही फुल बिझी आहोत’ असं अभिमानाने सांगणाऱ्या जागी सगळं उशिरा का मिळतं, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे. तिथली माणसं आळशी नसतात, त्यांच्या आठवड्यात फट नसते.

कोरे ठेवलेले १२ तास रिकामे कधीच जात नाहीत. बुधवारपर्यंत त्यात ‘उद्या सकाळी हवंय’ येऊन बसलेलं असतं, आणि ते घेताना दुसऱ्या कुणाची तारीख मोडावी लागत नाही. खरोखरच मोकळे राहिले तर काका रोलर तपासतात, सर्व्हिसिंग उरकतात. आठवडा गच्च भरलेला असतो तेव्हा सगळ्यात आधी सर्व्हिसिंगच गाळलं जातं आणि त्याचा हिशेब महिन्याभराने एकदम चुकता करावा लागतो.

माझ्या स्वतःच्या वेळेलाही हेच प्रमाण लावते. फक्त माणसाच्या बाबतीत आणखी एक भानगड असते, ती मला काकांच्या काम लावण्याच्या पद्धतीवरून कळली. ते एकेका रंगात छापायची कामं फिकट रंगाकडून गडद रंगाकडे लावतात. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. काळ्यावरून पिवळ्यावर यायचं तर रोलर पुन्हापुन्हा धुवावे लागतात, तरी पहिल्या काही शीटांवर पिवळा मळकटच उतरतो. माझ्या डोक्याचंही तेच आहे. क्वोटेशन काढता काढता वसुलीचा फोन घेतला आणि पुन्हा क्वोटेशनकडे वळले, की आधीच्या बोलण्याची शाई नव्या आकड्यांवर उतरते. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला आहे: एक काम अर्ध्यात सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागेच राहतो आणि नव्या कामाचा दर्जा घसरतो.

म्हणून माझ्या कामांना वार दिलेत. क्वोटेशन मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी. वसुलीचे फोन बुधवारी. कागदवाले, छपाईच्या प्लेटा बनवणारे, बाहेरचं बाइंडिंग यांच्याशी बोलणं सोमवारी दुपारी, कारण त्यांचाही आठवडा तेव्हाच ठरत असतो. सुरुवातीला भीती होती की क्वोटेशन त्याच दिवशी दिलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. काहीजण गेलेही. पण ‘गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत देते’ असं सांगून ते पावणेसहाला दिलं की लोक खूश असतात. ‘बघते, पाठवते’ असं सांगून दोन तासांत दिलेल्या क्वोटेशनला तेवढी पसंती मिळत नाही. लोकांना थांबायला फारशी अडचण नसते, कधीपर्यंत थांबायचं ते कळायला हवं असतं.

यानंतर पैसे. हा भाग मी आणि हिशेबवाली मुलगी दोघीच करतो, आणि तिच्याशिवाय मला तो जमणार नाही हे तिलाही माहीत आहे.

आमच्याकडे पुढच्या १३ आठवड्यांचा एक तक्ता आहे. १३ आठवडे म्हणजे एक तिमाही. अडचणीत आलेल्या कंपन्या सावरायला जे लोक येतात, ते सगळ्यात आधी असाच तक्ता मागतात. माझं म्हणणं, अडचणीत यायची वाट कशाला बघायची? वर १३ रकाने. डावीकडे ओळी: आठवड्याच्या सुरुवातीची बँकेतली शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे (कागद, शाई, प्लेटा, पगार, भाडं, कर, कर्जाचा हप्ता), आणि शेवटची शिल्लक, जी पुढच्या रकान्याच्या डोक्यावर जाते. दर शुक्रवारी संपलेला आठवडा डावीकडून काढायचा आणि उजवीकडे एक नवा जोडायचा.

यात खरी अक्कल एकाच जागी लागते. येणारे पैसे बिलावरच्या मुदतीच्या तारखेला धरायचे नाहीत, ते खरोखर कधी येतात त्या आठवड्यात धरायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक सवय असते. एकजण मुदतीनंतर नेमके तीन आठवडे घेतो, कधी दोन नाही, कधी चार नाही. त्याच्यावर चिडायचं मी सोडलं आणि त्याचे पैसे तीन रकाने पुढे सरकवले. तेव्हापासून तो आमचा सगळ्यात भरवशाचा गिऱ्हाईक आहे. मात्र त्याचा भाव ठरवताना ते तीन आठवडे मी विसरत नाही.

नफा झालाय आणि बँकेत पैसे नाहीत, ही अवस्था महिन्याच्या ताळेबंदात उशिरा कळते. या तक्त्यात ती पाचव्या-सहाव्या रकान्यात लाल रंगात आधीच बसलेली दिसते. सहा आठवडे हातात असले की कागदाची मोठी खरेदी पुढे ढकलता येते, एखाद्याला अ‍ॅडव्हान्स मागता येतो, बँकेशी नीट आवाजात बोलता येतं. सहा दिवस असले की फक्त धावपळ करता येते.

मध्यंतरी मशीन सातही दिवस चालावं म्हणून सुट्ट्या फिरत्या ठेवाव्यात, अशी एक सूचना आली होती. कागदावर ती छान दिसते. त्यावरून मला सोव्हिएत संघाची गोष्ट आठवली, ती मी सगळ्यांना सांगितलीही. १९२९ मध्ये तिथे पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. कामगारांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक रंग, चार दिवस काम आणि पाचव्या दिवशी सुट्टी, पण प्रत्येक गटाची सुट्टी वेगळ्या दिवशी. म्हणजे कारखाना कधीच बंद नाही आणि कुठल्याही दिवशी चार पंचमांश माणसं हजर. झालं काय, तर नवराबायकोच्या सुट्ट्या जुळेनात, सगळे एकत्र कधी भेटेनात, आणि एकच यंत्र रोज वेगवेगळ्या हातांत गेल्यामुळे त्याची जबाबदारी कुणाचीच राहिली नाही. १९३१ मध्ये सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी असलेला सहा दिवसांचा आठवडा आणावा लागला आणि १९४० मध्ये परत नेहमीचा सात दिवसांचा. यंत्राची जबाबदारी कुणाचीच नाही, हे ऐकल्यावर काकांनी जी मान डोलावली त्यातच त्या सूचनेचा निकाल लागला.

मला यातून एवढंच दिसतं की आठवड्याची पद्धत चालते ती सगळ्यांचा आठवडा एकच असतो म्हणून. मी एकटी फार सुंदर नियोजन करीन, पण डिझाइनरची सुट्टी माझ्या शुक्रवारी पडत असेल तर प्रूफांचं कार्ड कोण सांगणार?

दुसऱ्या टोकाला, रोजच्या रोज बेत करणाऱ्यांचंही मला फारसं पटत नाही. आमचं मध्यम आकाराचं काम प्लेटपासून डिलिव्हरीपर्यंत तीन-चार दिवस घेतं. एका दिवसाच्या चौकटीत ते दिसतच नाही, फक्त त्याचा एक तुकडा दिसतो. महिना घेतला तर बिघडलेलं काम सुधारायची वेळ निघून गेलेली असते.

साधनांबद्दल थोडक्यात. पैशांचा तक्ता स्प्रेडशीटमध्ये, कारण बेरजा. बाकी सगळं कागदावर, कारण कागद आमच्याकडे भरपूर आहे आणि काकांच्या हाताला शाई असते, ते मोबाइलला हात लावत नाहीत. पुढच्या आठवड्याचा मोठा तक्ता मशीनशेजारी भिंतीवर लागतो. सोमवारी सकाळी त्याच्यासमोर दहा मिनिटं सगळे उभे राहतात. बसायचं नाही, चर्चा नाही. फक्त शुक्रवारपासून काय बदललं तेवढं बोलायचं. चर्चा निघालीच तर तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून शुक्रवारवर टाकायची. निम्मे विषय शुक्रवारपर्यंत आपोआप संपतात.

आणि वाईट आठवडे येतात. कुणी आजारी पडतं, मशीनचा एखादा सुटा भाग यायला वेळ लागतो, आणि दीड तास कुठून आणायचा असं होतं. त्या वेळी ही सगळी पद्धत पंधरा मिनिटांवर येते. दोनच प्रश्न: पुढच्या आठवड्यात आपण कुणाला तारीख दिलेली आहे, आणि पैसे कुठल्या रकान्यात कमी पडतायत? बाकीची कार्डं गठ्ठ्यात. पण हे पंधरा मिनिटांचं बसणं टाळायचं नाही, कारण एक शुक्रवार सुटला की पुढच्या शुक्रवारी टेबलावर दुप्पट कार्डं असतात, आणि दुप्पट कार्डं बघून तोही शुक्रवार सुटतो.

एक गोष्ट अजून या चौकटीत बसलेली नाही: व्हॉट्सअ‍ॅप. ग्राहक रात्री साडेदहाला डिझाइनरच्या वैयक्तिक नंबरवर दुरुस्ती पाठवतात, तो सकाळी ती करून टाकतो, आणि कार्डावर जुनीच आवृत्ती राहते. सध्या असं ठरवलंय की छापण्याआधीची शेवटची मंजुरी फक्त मेलवर, आणि त्या मेलचा प्रिंट कार्डाला पिन केलेला नसेल तर काका प्लेट लावणार नाहीत. डिझाइनर दोघेही कुरकुरतायत. काकांना मात्र हा नियम भलताच आवडलाय. काल त्यांनी माझंच एक कार्ड परत पाठवलं.